जखम भरली हे कोण ठरवणार? चिकानो कवी-कलावंतांचा शोक वाचताना

पहिल्यांदा आरआरसीसमोर बसले तेव्हा माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं ‘चिकानो कविता आणि दृश्यकला: शोकाकडून उपचाराकडे’. समितीतल्या एका सरांनी पानं उलटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "उपचार झाला हे तुम्ही कशावरून ठरवणार? पेशंट कुठाय?" सगळे हसले. मीही हसले. बाहेर आल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मोजलं तर ११ पानांत ‘हीलिंग’ किंवा ‘उपचार’ हा शब्द ४२ वेळा आला होता. एकदाही मी त्याचा अर्थ सांगितला नव्हता.

तुमच्यातले बरेच जण पेटच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत, म्हणून ही पोस्ट. विषय कसा निवडावा यावर खूप लिहिलं जातं. निवडलेल्या विषयातला एखादाच शब्द कसा अडकवतो आणि त्यातून बाहेर कसं यायचं, यावर कमी. मी अजून पूर्ण बाहेर आलेले नाही, हे आधीच सांगते.

माझ्या गाईड मॅडमनी रिजेक्ट झालेली सिनॉप्सिस वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "आधी मेलेली माणसं शोध. कोण, कुठे, कधी, कशानं. कविता नंतर." मला तेव्हा हे जरा रुक्ष वाटलं होतं. पण तिथूनच काम सुरू झालं.

चिकानो म्हणजे कोण हे थोडक्यात. २ फेब्रुवारी १८४८ला ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडे गेला. आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बराचसा भाग. तिथे राहणारी साधारण ८० हजार ते १ लाख मेक्सिकन माणसं जागची हलली नाहीत; सीमाच त्यांच्यावरून पुढे गेली. तहाच्या मसुद्यात त्यांच्या जमिनींच्या जुन्या सनदांना संरक्षण देणारं दहावं कलम होतं, ते अमेरिकन सेनेटनं वगळून टाकलं. पुढच्या काही दशकांत कोर्टकचेऱ्या, वकिलांची फी आणि नवे कर यांत त्या जमिनी हातच्या गेल्या.

इथे एक धोका आहे आणि मी त्यात पडले होते. आजचे बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन काही १८४८च्या कुटुंबांतले नाहीत. त्यांचे आजी-आजोबा १९१०च्या क्रांतीनंतर किंवा त्याहून उशिरा, शेतमजूर आणि रेल्वेमजूर म्हणून आले. तरीही १९६०च्या दशकातल्या चळवळीनं १८४८ ही आपली सामाईक जखम मानली. ‘चिकानो’ हा शब्द आधी हलक्या अर्थानं वापरला जायचा. तरुणांनी तो उचलून अभिमानानं स्वतःला लावला. १९६७मध्ये रोडोल्फो ‘कॉर्की’ गोन्झालेस यांची ‘आय अॅम वाकीन’ ही दीर्घ कविता आली. मार्च १९६९मध्ये डेन्व्हरच्या युवा परिषदेत आस्तलानचा जाहीरनामा मांडला गेला, त्याची प्रस्तावना कवी आलुरिस्ता यांची. आस्तलान म्हणजे अॅझ्टेक लोकांची पुराणातली मूळ भूमी. ती आपल्याच पायाखाली आहे, असं हे तरुण म्हणत होते. म्हणजे आधी हरवलेल्या घराला नाव दिलं गेलं आणि मग त्याचा शोक करता येऊ लागला. शोक आधी की ओळख आधी, हा प्रश्न माझ्या वहीत तेव्हापासून आहे.

(मराठी वाचकाला इथे दलित पँथर आठवणारच. तुलना करायची असेल तर सरळ समांतर रेघा मारू नका. लॉस एंजेलिसचे ब्राउन बेरेट्स आणि १९७२ची आपली दलित पँथर, या दोघांसमोर ब्लॅक पँथर पक्षाचं उदाहरण होतं. तुलनेचा खरा धागा तिथून जातो. तो वेगळा प्रबंध आहे, कुणीतरी कराच.)

आता मेलेली माणसं.

२९ ऑगस्ट १९७०, शनिवार, ईस्ट लॉस एंजेलिस. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानो मोरेटोरियमचा मोर्चा होता, २० ते ३० हजार माणसं. पोरं, म्हाताऱ्या, नवी लग्न झालेली जोडपी. युद्धाचा विरोध अमेरिकेत सगळीकडे होता, पण यांचं गाऱ्हाणं वेगळं होतं. राल्फ गुझमान या अभ्यासकानं मृतांच्या याद्यांमधली स्पॅनिश आडनावं मोजून दाखवलं होतं की नैर्ऋत्येकडच्या राज्यांमधून मरणाऱ्यांत या मुलांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या वाट्यापेक्षा बरंच जास्त आहे. म्हणजे चळवळीच्या तळाशी एका संशोधकानं केलेली साधी मोजणी होती. मॅडम काय म्हणत होत्या ते मला इथे कळलं.

मोर्चा लगूना पार्कात पोचला, लोक गवतावर बसून गाणी ऐकत होते, आणि पोलिसांनी मैदान रिकामं करायला सुरुवात केली. लाठ्या, अश्रुधूर, पळापळ. त्या दिवसाच्या हिंसेत तीन माणसं गेली: लिन वॉर्ड, आंखेल दियास आणि रुबेन सालाझार. सालाझार ४२ वर्षांचे. लॉस एंजेलिस टाइम्सचे स्तंभलेखक आणि केएमइएक्स या स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालक. व्हिटियर बुलेव्हार्डवरच्या सिल्व्हर डॉलर या बारमध्ये ते बसले होते. शेरीफच्या माणसानं दारातून अश्रुधुराचं नळकांडं झाडलं, ते त्यांच्या डोक्याला लागलं. चौकशी झाली, ती टीव्हीवर दाखवली गेली, खटला कुणावरही चालला नाही. पुढे त्या पार्काला सालाझार यांचं नाव दिलं.

न्याय न झालेल्या मृत्यूचं काय करायचं? पुढच्या दोन वर्षांत ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं मिळाली आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या मते संशोधनाची जागा तीच आहे.

एक उत्तर आस्को या गटाचं. आस्को म्हणजे मळमळ, किळस. हॅरी गाम्बोआ, ग्रोंक, विली हेरोन आणि पात्सी वाल्देस हे चौघं, विशीच्या आतबाहेरचे. १९७१च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी यातल्या तिघांनी तोंडं रंगवून, पुठ्ठ्याचा भलामोठा क्रूस घेऊन त्याच व्हिटियर बुलेव्हार्डवरून येशूच्या शेवटच्या वाटेची मिरवणूक काढली, आणि तो क्रूस नौसैनिक भरती केंद्राच्या दारात आडवा टाकून निघून गेले. दार अडलं. हा शोक आहे, पण यात सांत्वन शून्य. मला हे काम फार आवडतं आणि माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये ते नव्हतं, कारण ‘उपचारा’च्या चौकटीत ते बसत नव्हतं. चौकटीत न बसणारा पुरावा आपण किती सहज विसरतो बघा.

दुसरं उत्तर त्याच गटातल्या हेरोनचं, पण एकट्याचं. १९७२मध्ये त्याच्या धाकट्या भावाला सिटी टेरेस भागातल्या एका बोळात टोळीतल्या पोरांनी भोसकलं. भाऊ वाचला. हेरोननं त्याच बोळातल्या भिंतीवर चित्र काढलं, ‘द वॉल दॅट क्रॅक्ड ओपन’. भिंत फोडून माणसं बाहेर येतायत असं चित्र. महत्त्वाची गोष्ट अशी की भिंतीवर आधीपासून टोळ्यांनी रंगवलेली नावं त्यानं पुसली नाहीत, चित्रात तशीच सामावून घेतली. ज्यांनी वार केले त्यांचीही अक्षरं त्या भिंतीवर राहिली. याला क्षमा म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पण त्या वस्तीत मारणारा आणि मार खाणारा एकाच गल्लीतले आहेत, हे त्यानं लपवलं नाही.

तिसरं उत्तर माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आहे, तेव्हा इथे जरा थांबते.

सिस्टर कॅरन बोकालेरो ही फ्रान्सिस्कन पंथाची नन, स्वतः छापचित्रकार. १९७०मध्ये तिनं मेक्सिकोहून आलेल्या कार्लोस ब्वेनो आणि अँतोनिओ इबान्येस या चित्रकारांना आणि आणखी काही जणांना घेऊन एका गॅरेजमध्ये स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. त्याचं पुढे सेल्फ हेल्प ग्राफिक्स झालं. १९७२पासून या मंडळींनी दिया दे लोस मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस, सार्वजनिकरीत्या साजरा करायला घेतला. पुढच्या वर्षांत बॉईल हाइट्सच्या एव्हरग्रीन दफनभूमीपासून मिरवणूक निघायची: हाडांचे सापळे रंगवलेले चेहरे, कागदी जाळीच्या पताका, ढोल, आणि शेवटी स्टुडिओत मांडलेल्या ओफ्रेंदा. ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्या माणसासाठी मांडलेली वेदी: फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, पाव, त्याच्या आवडीचं खाणं, आणि झेंडू. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात गालेरिआ दे ला रासा या कलादालनानंही हाच दिवस करायला सुरुवात केली.

झेंडूबद्दल एक आडवाट. आपण दसऱ्याला ज्याच्या माळा लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. पोर्तुगीजांच्या काळात तो आपल्याकडे आला असं मानलं जातं. नावात्ल भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फुलं’, पाकळ्यांच्या दाटीवरून. एक फूल तिकडे मेलेल्यांना वाट दाखवतं आणि इकडे दाराला तोरण म्हणून लागतं. म्हणून ‘हा त्यांचा पितृपक्ष’ असं चटकन लिहू नका. मी लिहिलं होतं. मॅडमनी लाल पेन फिरवलं आणि समासात विचारलं, "कावळा कुठाय?"

तर मुद्दा असा, की १९७२च्या आधी ईस्ट लॉस एंजेलिसमधले बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन हा सण असा करत नव्हते. १ आणि २ नोव्हेंबरला चर्चला जाणं, थडग्यावर फुलं ठेवणं, इतकंच. सजवलेल्या ओफ्रेंदांची परंपरा मेक्सिकोच्या मध्य आणि दक्षिण भागात पक्की. लॉस एंजेलिसला आलेली कितीतरी कुटुंबं उत्तरेकडची. खुद्द मेक्सिकोत या सणाला राष्ट्रीय ओळख म्हणून पुढे आणण्यात सरकारचा आणि क्रांतीनंतरच्या कलावंतांचा हात होता. ती प्रसिद्ध कात्रीना, टोपीवाली सांगाड्याची बाई, पोसादानं १९१०च्या सुमारास छापली ती नुसता चेहरा आणि टोपी एवढीच. अंगभर पोशाख तिला दिएगो रिव्हेरानं १९४७च्या भित्तिचित्रात दिला.

हे कळल्यावर मी हॉब्सबॉमचं हत्यार काढलं. परंपरेची निर्मिती, १९८३, सगळ्यांचं लाडकं पुस्तक. झालं! सण ‘बनवलेला’ आहे, कलावंतांनी ओळख ‘रचली’, प्रकरण संपलं. हे लिहिताना फार हुशार वाटतं. तुम्हालाही वाटेल. मग मी ओफेलिया एस्पार्झा यांच्याबद्दल वाचलं आणि ते प्रकरण फाडून टाकलं.

एस्पार्झा १९३२च्या, ईस्ट लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेल्या, अनेक वर्षं तिथेच शाळेत शिकवलेल्या. घरात वेदी मांडायला त्या आईकडून शिकल्या. आईकडे ते तिच्या आधीच्या बायकांकडून आलं होतं. पुढे त्या सेल्फ हेल्प ग्राफिक्सशी जोडल्या गेल्या आणि सार्वजनिक वेद्या मांडू लागल्या. आता मुलींनाही त्यात तयार केलंय. २०१८मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलांसाठी अमेरिकेतला सगळ्यात मोठा सरकारी सन्मान. म्हणजे मिरवणूक नवी होती, पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली वेदी जुनीच होती. ती कुणी ‘सण’ म्हणून नोंदवली नव्हती इतकंच. कलावंतांनी सार्वजनिक रूप दिलं तेव्हा घरातल्या बायकांकडे ते भरायला साहित्य आधीपासून होतं. ‘खरी परंपरा की बनवलेली’ हा प्रश्नच मी चुकीच्या खोलीत विचारत होते. रस्त्यावर पाहत होते, घरात पाहिलंच नाही.

घरातल्या या वेदीवर सगळ्यात नेमकं लिहिलंय ते अमालिया मेसा-बेन्स यांनी. त्या चित्रकार आहेत, आणि क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी. (आरआरसीतल्या सरांना हे सांगायला हवं होतं: पेशंट नसेल, डॉक्टर आहे.) तोमास इबारा-फ्राउस्तो यांनी ‘रास्क्वाचे’ या शब्दाचं सौंदर्यशास्त्र मांडलं: हाताशी असेल त्यातून, जोडतोड करून, भडक आणि निर्लज्जपणे सुंदर काहीतरी करणं. पत्र्याच्या डब्यात तुळस लावणाऱ्या आपल्या चाळीला हे समजावून सांगायला नको. मेसा-बेन्स यांनी त्यात बायकांची बाजू घातली आणि तिला ‘दोमेस्तिकाना’ म्हटलं: घर ही बाईला कोंडणारी जागा आहे आणि तिथेच ती आपल्या मेलेल्या माणसांचा, आपल्या स्मृतीचा कारभार चालवते. दोन्ही एकाच वेळी. १९८४मध्ये त्यांनी दोलोरेस देल रिओ या अभिनेत्रीसाठी ओफ्रेंदा मांडली. देल रिओ १९८३मध्ये गेल्या होत्या. हॉलिवूड आणि मेक्सिको दोन्हीकडे गाजलेल्या मोजक्या बायकांपैकी एक. आरसे, कापड, चौकटीतले फोटो, सुकलेली फुलं, चमकी. पुढे ती नव्यानं मांडली गेली आणि आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे.

आता अडचण बघा. ओफ्रेंदा मोडण्यासाठी असते. दिवस संपला की फुलं काढतात, खाणं वाटून टाकतात. म्युझियममध्ये गेलेली वेदी मोडत नाही. तिला ॲक्सेशन नंबर असतो. मग शोक चालू राहतो की गोठतो? यावर माझं मत दोनदा बदललंय. सध्या मला असं वाटतं की राष्ट्रीय संग्रहालयात जागा मिळणं ही त्या शोकाची एक मागणीच होती, कारण सालाझारसारख्यांच्या बाबतीत राष्ट्रानं काहीच नोंदवलं नव्हतं. फ्रँक रोमेरो यांचं सालाझारच्या मृत्यूचं मोठं तैलचित्र, १९८६चं, त्याच संग्रहात आहे. पण घरातल्या वेदीला हे लागू होत नाही.

कवींकडे येते. इथे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फ्रान्सिस्को अलार्कोन यांच्या ‘स्नेक पोएम्स’ या १९९२च्या पुस्तकानं. त्याची गोष्ट अशी. १६२९मध्ये एर्नांदो रुइस दे अलार्कोन नावाच्या पाद्र्यानं मेक्सिकोत एक ग्रंथ पूर्ण केला. आजच्या गेर्रेरो राज्यातल्या अतेनांगोचा हा पाद्री. स्थानिक नावा लोकांचे मंत्र त्यानं गोळा केले होते: हाड बसवताना म्हणायचे, विंचू चावल्यावर म्हणायचे, बाळंतपणात म्हणायचे, शिकारीला जाताना म्हणायचे. हेतू जपण्याचा नव्हता. इतर पाद्र्यांना हे ओळखता यावेत आणि मुळासकट उपटता यावेत म्हणून. माणसांना पकडून, दरडावून, शिक्षा करून त्यानं ही माहिती काढली. त्याच्या अतिउत्साहाबद्दल एकदा खुद्द इन्क्विझिशननं त्याची चौकशी केली होती. आणि त्याच्याच वहीमुळे ते मंत्र वाचले.

साडेतीनशे वर्षांनी त्याच आडनावाचा एक चिकानो कवी ही वही उघडतो आणि तिच्यातून नावात्ल, स्पॅनिश आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पुस्तक करतो, नेमकं कोलंबसाला ५०० वर्षं झाली त्या साली. या कविता लहान आहेत, ओळी चिंचोळ्या, पानावर भरपूर मोकळी जागा. बरं करणारे शब्द छळ करणाऱ्याच्या अक्षरात पोचलेत, हे कवी विसरू देत नाही. तो पाद्रीही पुस्तकात आहेच. आपल्यापैकी जे अर्काइव्हमध्ये काम करणार आहेत त्यांनी हे पुस्तक जरूर वाचा. पोलीस रेकॉर्ड, मिशनऱ्यांची पत्रं, कलेक्टरचे अहवाल, आपलंही बरंचसं साहित्य असंच शत्रूच्या हस्ताक्षरात आहे. अलार्कोन २०१६मध्ये गेले. त्याआधी २०१०मध्ये, अॅरिझोनात एसबी १०७० हा स्थलांतरितांविरुद्धचा कायदा झाला तेव्हा, त्यांनी फेसबुकवर कवींचं एक पान सुरू केलं होतं, तिथे शेकड्यांनी लोक कविता टाकत होते. मंत्र म्हणायची जागा बदलली.

ग्लोरिया अनझाल्दुआ यांच्याशिवाय या विषयावर कुणी सिनॉप्सिस मंजूर करणार नाही, तेव्हा त्या आल्याच. जन्म १९४२, टेक्ससचं रिओ ग्रांदे खोरं, शेतमजुरांचं घर. १९८७चं ‘बॉर्डरलँड्स’ सगळ्यांना माहीत असतं, सीमेला जखम म्हणणारं पुस्तक म्हणून सगळे उद्धृत करतात. मला त्यांच्या शेवटच्या काळातलं लेखन जास्त उपयोगी पडलं. त्यात कोयोलशाउकी वारंवार येते. ही अॅझ्टेक देवी. भावानं, म्हणजे युद्धदेव वित्सिलोपोच्त्लीनं, तिचे तुकडे करून डोंगरावरून फेकले. २१ फेब्रुवारी १९७८ला मेक्सिको सिटीत वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना तिची शिळा सापडली, सव्वातीन मीटर व्यासाची. हातपाय वेगळे झालेली बाई, गोल दगडात. अनझाल्दुआ म्हणतात की लिहिणं म्हणजे हे तुकडे पुन्हा जोडणं, पण पूर्वीसारखं नाही. दर वेळी वेगळी मांडणी, आणि पुन्हा तुटणं धरूनच. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर त्यांनी याच कल्पनेवर निबंध लिहिला आणि त्यात स्वतःच्या देशाच्या सूडालाही धारेवर धरलं.

इथे मला पहिल्यांदा आरआरसीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसलं. सरांचा प्रश्न धरून चालत होता की बरं होणं म्हणजे संपणं. टाके काढले, डिस्चार्ज. फ्रॉइडनं १९१७मध्ये शोक आणि विषाद यांच्यात केलेला भेदही तसाच: शोक पूर्ण होतो, विषाद अडकून राहतो. हा भेद घेऊन चिकानो साहित्य वाचलं तर ते सगळंच आजारी ठरतं, कारण दर वर्षी २ नोव्हेंबरला तेच मेलेले पुन्हा जेवायला बोलावले जातात. चूक वाचणाऱ्याच्या मापात आहे.

पण अनझाल्दुआंना डोक्यावर घ्यायच्या आधी दुसरी बाजू वाचा. मारिया होसेफिना साल्दान्या-पोर्तियो यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारलंय: चिकानो लेखक अॅझ्टेक देवदेवता स्वतःची म्हणून घेतात तेव्हा आज जिवंत असलेले आदिवासी समाज कुठे जातात? देवी म्युझियममधली, आणि तिच्या नावानं बोलणारा मेस्तिसो. नावात्ल बोलणारा माणूस मात्र शेतात टोमॅटो तोडतोय. हा आक्षेप पोकळ नाही. माझ्या प्रबंधात तो तळटीपेत नाही, प्रकरणात आहे. कारण बरं होण्यासाठी आपण कुणाची वस्तू उचलतोय, हा प्रश्न शोकात असलेल्या माणसालाही चुकत नाही.

आणखी दोन नावं. लोर्ना दी सेर्वांतेस यांचा पहिला संग्रह ‘एम्प्लुमादा’ १९८१चा. १९८२मध्ये त्यांच्या आईचा खून झाला. पुढचा संग्रह १९९१चा. ही तीन सालं शेजारी शेजारी लिहिली की हात शिवशिवतो: दहा वर्षांचं मौन, शोक, मग पुनर्जन्म. लिहू नका. दोन पुस्तकांमधल्या रिकाम्या वर्षांत माणूस नोकरी करतो, मासिक काढतो, शिकतो. आधी कविता काय करतायत ते पाहा. चरित्र हा कवितेचा एक्स-रे नसतो. दुसरे गिल क्वाद्रोस, लॉस एंजेलिसचे, एड्सनं १९९६मध्ये ३४व्या वर्षी गेले. त्यांचं ‘सिटी ऑफ गॉड’, कथा आणि कवितांचं पुस्तक, १९९४चं. चळवळीच्या कल्पनेतल्या ‘फामिलिआ’मध्ये, बाप-आई-मुलं अशा कुटुंबात, समलिंगी मुलाच्या मरणाला जागा नव्हती. कुणाची वेदी मांडायची हे कोण ठरवतं, हा प्रश्न चिकानो समाजाला बाहेरून कुणी विचारला नाही. क्वाद्रोससारख्यांनी आतून विचारला.

आता भाषेबद्दल, कारण माझी गाडी शेवटी तिथे सुटली. मी मराठीत प्रबंध लिहितेय. ‘हीलिंग’ला ‘उपचार’ हा शब्द मी शब्दकोशातून उचलला होता. पण उपचार डॉक्टर करतो, बाहेरून. एक दिवस आईचा फोन चालू होता, कुणीतरी गेलं होतं त्यांच्याकडे, आणि आई विचारत होती, "वहिनी सावरल्या का?" मी लॅपटॉप उघडून तो शब्द लिहून ठेवला. सावरणं. तोल गेलेलं माणूस सावरतं, पदर सावरतात. त्यात दुःख संपल्याचा दावा नाही, आणि ते माणूस स्वतः करतं किंवा जवळचे लोक मिळून करतात. तसंच ‘ग्रीफ’चं. दुःख आतलं, शोक जरा ग्रंथातला, आणि दुखवटा चारचौघांतला. ‘दुखवट्याला जाऊन येते’ असं आपण म्हणतो. त्याला पत्ता असतो, वेळ असते, कोण आलं कोण नाही याची नोंद असते. एव्हरग्रीनपासून निघालेली मिरवणूक हा दुखवटा आहे. आस्कोनं भरती केंद्राच्या दारात टाकलेला क्रूस हाही दुखवटाच, फक्त ज्यांनी मारलं त्यांच्या दारात जाऊन केलेला. हे शब्द लावल्यावर मला निदान विचारायला प्रश्न मिळाले: कोण आलं, कुणाचं नाव घेतलं, कुणाचं घेतलं नाही, खर्च कुणी केला, दुसऱ्या दिवशी झाडलोट कुणी केली. यांची उत्तरं कागदपत्रांत सापडू शकतात. ‘बरं वाटलं का’ याचं उत्तर सापडत नाही.

कागदपत्रं कुठे आहेत तेही सांगून टाकते. सेल्फ हेल्प ग्राफिक्सची दप्तरं सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत, आणि बरीच पोस्टरं घरबसल्या ऑनलाइन पाहता येतात. अनझाल्दुआंचे कागद ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात, बेन्सन संग्रहात. स्पॅनिश येत नसेल तर आजपासून सुरू करा; ‘सुस्तो’ला नुसती ‘भीती’ म्हणून चालत नाही, त्यात धसक्यानं जीव अंगातून सुटून जातो, आणि कुरांदेरा, म्हणजे झाडपाला-मंत्र करणारी बाई, तो परत बोलावते. कार्मेन लोमास गार्सा यांच्या चित्रांत ही कुरांदेरा साध्या खोलीत, साध्या पलंगाशेजारी उभी असते. आधी चित्र बघा, मग सिद्धांत.

अनझाल्दुआंबद्दलची एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. २००४च्या मे महिन्यात मधुमेहाच्या गुंतागुंतीनं त्या गेल्या तेव्हा त्या सांता क्रूझला पीएचडीच्या विद्यार्थिनी होत्या. ६१ वर्षांच्या. प्रबंध जवळजवळ तयार होता, त्या तो सारखा बदलत होत्या. विद्यापीठानं २००५मध्ये त्यांना मरणोत्तर पदवी दिली. प्रबंध अॅनलुईझ कीटिंग यांनी संपादित केला आणि तो २०१५मध्ये पुस्तक म्हणून आला.

मी दुसऱ्यांदा आरआरसीसमोर गेले तेव्हा शीर्षक होतं ‘दुखवटा आणि सावरणं: चिकानो कविता व दृश्यकला, १९७०–२००४’. तेच सर होते. या वेळी शीर्षकावर काही बोलले नाहीत. कालखंडावर बोट ठेवून म्हणाले, "१९७० समजलं. २००४ला काय संपलं?" मी म्हटलं, अनझाल्दुआ गेल्या. ते म्हणाले, ते तुमच्या दृष्टीनं. तिथल्या लोकांच्या दृष्टीनं काय संपलं? ‘दुरुस्तीसह मंजूर’ असा शेरा आहे. दुरुस्ती करून द्यायला सहा आठवडे आहेत.